फोन कुणाच्या खिशात असतो

आई,

तुझ्यावर चिडून लिहायला बसले आहे, ते आधीच सांगून टाकते. तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं लोक म्हणतात, पण ते लोक तुझी लेक नव्हते. गेल्या चार महिन्यांत जे झालं त्याचं मूळ शोधत मागे गेले, की दर वेळी मी डोंगरकडा गावात तू नर्स होतीस त्या आरोग्य उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत, तुझ्या रॉकेलच्या स्टोव्हपाशी येऊन पोचते. म्हणून म्हटलं, जिथलं भांडण तिथेच करावं.

मी पोटापाण्यासाठी काय करते हे तुला कधी नीट कळलं नाही. तू होतीस तेव्हा मी पुण्यात 'कॉम्प्युटरवर' होते, एवढंच तू सगळ्यांना सांगायचीस आणि ऐकणाऱ्यांनाही ते पुरायचं. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत. माणूस कुठे गेला, काय घेतलं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, हे कुठेतरी साठत असतं. तू रजिस्टरं भरायचीस तसंच, फक्त भरणारं कुणी दिसत नाही. मग ही साठलेली माहिती वाचून शिकणारी यंत्रं असतात. एआय म्हणतात त्यांना. हजार बायकांचं काय झालं ते दाखवलं की पुढच्या बाईचं काय होईल याचा ती अंदाज सांगतात, आणि बऱ्याचदा तो बरोबर निघतो. अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत माझं काम म्हणजे बैठकीत बसायचं आणि विचारायचं, "ज्याची ही माहिती आहे त्याला विचारलंय का?" या कामाला मोठं इंग्रजी नाव आहे, माझ्या कार्डावर ते दोन ओळींत छापलंय. पण काम तेवढंच. मी तोंड उघडलं की समोरची माणसं घड्याळाकडे बघतात. एका कंपनीला शाळेतल्या लेकरांचे चेहरे हजेरीसाठी टिपायचे होते. हजेरी घेऊन झाल्यावर त्या चेहऱ्यांचं काय करायचं, किती वर्षं ठेवायचे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मी विचारलं. पुढच्या बैठकीचं मला बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याचंही नाही, आणि मग मीच राजीनामा दिला. अशा तीन नोकऱ्या झाल्या. नवरा म्हणतो, तुला विचारायची खोड आहे. खोड माझी नाही. तू लावलीस.

मी सहावीत होते. पावसात उपकेंद्राचं छत गळायचं म्हणून तू रजिस्टरं घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळीच्या डब्यांमागे ठेवली होतीस. तू पातेल्यात सुया उकळत होतीस आणि मी रिकामी बसून त्यातलं एक चाळत होते. त्यात आपल्या गल्लीतल्या एका सुनेचं नाव होतं आणि पुढे टीबीच्या गोळ्यांच्या तारखा. मला फार काही कळलं नाही. आपल्याला कुणाचं तरी काहीतरी ठाऊक आहे, एवढंच कळलं, आणि ते पोटात राहीना. मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनं तिच्या आईला. तिसऱ्या दिवशी हापशावर बायकांनी त्या सुनेची घागर पायानं बाजूला सारली. संध्याकाळी ती आपल्या दारात उभी. पदराचं टोक तोंडावर धरून म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं का?" तू पीठ मळत होतीस. हात तसेच ठेवून म्हणालीस, "व्हय. माझ्याच घरातून गेलं." माझं नाव घेतलं नाहीस. ती गेली.

मला वाटलं आता लाटणं बसणार. तू भाकरी थापायला घेतलीस आणि साध्या आवाजात म्हणालीस, "तू अजून अंथरूण ओलं करतीस, ते उद्या वर्गात येऊन सांगते."

मी रडायला लागले.

"काहून रडून राहिलीस? खरं हाय न्हवं?"

"खरं असलं म्हणून काय झालं?" मी हुंदके देत म्हणाले.

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "हां. खरं असलं म्हणून काय झालं," एवढंच परत म्हणालीस, आणि मला जेवायला वाढलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझी घागर घेऊन त्या सुनेबरोबर हापशावर गेलीस, तिच्या तांब्यातलं पाणी सगळ्यांसमोर प्यालीस, आणि पुढे कितीतरी दिवस रोज हेच केलंस. मला आठवतंय, कारण रोज मला शाळेला उशीर व्हायचा.

आज माझ्या वयाची माणसं हे सगळं पुस्तकातून शिकतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतात. मला तू एका भाकरीच्या वेळात शिकवलंस. त्याबद्दल लोकांसमोर मी तुझं कौतुकही करते, भाषणातून सांगते. माझ्या भाषणात तू नेहमी इथेच संपतेस, हापशावर, तांब्या हातात धरून. पुढचं मी सांगत नाही.

पुढचं असं की तू गावातल्या बाईबाईला पदराआड नेऊन समजावलंस, अंघोळ करताना हात लावून बघत जा, गाठ लागली तर लाजू नको, मला सांग. आणि तुझ्या स्वतःच्या छातीत गाठ होती. वसमतला मामाच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला तुझा उजवा हात वर जाईना, तेव्हा मी विचारलं. "काखेत गळू झालंय," म्हणालीस. मी विश्वास ठेवला. नर्सबाईला गळू कळत नसेल तर कुणाला कळणार? तीन महिन्यांनी नांदेडला डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे? तू म्हणालीस, दोन वर्षं. आणि माझ्याकडे असं पाहिलंस, की जणू मी पुन्हा तुझी रजिस्टरं उघडून बसले होते. बाहेर बाकावर मी तुला विचारलं, मला का नाही सांगितलं? तू चप्पल पायात सरकवत म्हणालीस, "माझं दुखणं हाय. कुणाला सांगायचं ते मी ठरवीन."

आई, ते वाक्य मी गेली कित्येक वर्षं इंग्रजीत म्हणते आहे. पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवते. माहिती ज्याची, निर्णय त्याचा. लोक टाळ्या वाजवतात. त्या वाक्यापायी तू मेलीस, हे त्या टाळ्यांमध्ये एकट्या मला ठाऊक असतं. किती वैताग येतो तुला सांगू? जे मला खरं वाटतं तेच मला पटत नाही, अशी अवस्था आहे ही, आणि ती करून तू निवांत निघून गेलीस.

आता चार महिन्यांपूर्वीचं. मी सध्या ज्या कंपनीत आहे तिनं आपल्या जिल्ह्यात काम सुरू केलं. आम्ही गावोगाव शिबिरं घेतो, बायकांना प्रश्न विचारतो, तपासतो, ते सगळं फोनमध्ये भरतो. मग यंत्र सांगतं, यातल्या कोणत्या बाईला धोका आहे आणि कोणती पुन्हा तपासणीला येणार नाही. त्या बाईच्या नंबरावर मेसेज जातो. मी इथली म्हणून मला हिंगोलीला पाठवलं. स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये बैठक होती. आमचे साहेब माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, हुशार आहेत, मनानं वाईट नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट असते तर सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "या गावांमध्ये बाईच्या नावापुढे जो नंबर असतो तो तिचा असेलच असं नाही. फोन कुणाच्या खिशात असतो ते आधी विचारा."

ते म्हणाले, "मॅडम, ते विचारत बसलो तर सहा महिने जातील. तोवर एखादी बाई मरेल."

"आणि मेसेज भलत्यानंच वाचला तर?"

ते सगळ्यांसमोर, अगदी हळुवारपणे म्हणाले, "तुमच्या आईंना असा मेसेज वेळेवर आला असता, आणि तो भलत्यानं म्हणजे तुम्ही वाचला असता, तर त्या आज असत्या."

तुझं मी त्यांना एकदा चहा पिताना सांगितलं होतं. कुणाला सांगायचं ते मी ठरवलं होतं. पुढे कुणाला जाईल ते मी ठरवलं नव्हतं. हॉलमध्ये वीसेक माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती. साहेबांना खोडून काढता आलं असतं, तुझं मरण खोडून काढता येत नव्हतं. मी कागदावर सही केली. मेसेज पाठवायला माझी हरकत नाही, अशी. आयुष्यात पहिल्यांदा विचारायचं सोडलं, आणि ते तुझ्यावरच्या रागापायी.

कुरुंदा गावच्या आशाताईंचा, म्हणजे तिथल्या आशा कार्यकर्तीचा, फोन तिसऱ्या आठवड्यात आला. हळद शिजवायचे दिवस होते. एका घरच्या शेतात हळदीचा मोठा कुकर लागला होता, घरची सगळी आणि रोजानं आलेल्या बायका तिथेच होत्या. त्या घरच्या एका सुनेसाठीचा मेसेज आला तो तिच्या दिराच्या फोनवर, कारण शिबिरात तिनं त्याचाच नंबर दिला होता, तिच्याकडे फोनच नव्हता. त्यानं तो मोठ्यानं वाचला. वाईट हेतूनं नाही, सरकारी काहीतरी आलंय असं वाटून. वहिनीचं नाव, स्तनाच्या तपासणीत जोखीम, तातडीनं संपर्क करा. रोजाच्या बायका काम सोडून ऐकत राहिल्या. सासू म्हणाली, दुखणं लपवून ही आमच्या चुलीवर रांधून राहिली. जाऊ म्हणाली, माझी लेकरं हिच्या हातचं खातात. दुसऱ्या दिवशी त्या बाईला माहेरी घालवलं. नवरा उसाच्या गाडीवर बाहेरगावी होता, त्याला कुणी विचारलंही नाही.

मी कुरुंद्याला गेले. आशाताई पन्नाशीच्या, तुझ्यासारख्याच उंच. घरात घेतलं, पाणी दिलं, मग बोलल्या. "मॅडम, आमाला बाईला काही सांगायचं असलं तर आमी तिला न्हाणीत गाठून सांगतो. तुमी तर शेतात हाळी दिली."

मी म्हणाले, "चूक झाली. पण तिला खरंच गाठ असेल तर..."

"हाय ना गाठ. मला ठाव हाय. महिना झाला तिच्या मागं लागले होते. आता कुठं तयार झाली होती. सोमवारी डोळे तपासायला म्हणून मी तिला हिंगोलीला नेणार होते. सासूचीबी परवानगी घेतली होती." त्यांनी रिकामा पेला माझ्या हातून घेतला. "तुमची मशीन बराबर हाय, मॅडम. तिला घाई लई."

आम्ही दोघी जीप करून कळमनुरीकडच्या तिच्या माहेरी गेलो. ती ओसरीत तूर पाखडत बसली होती. पस्तिशीची असेल. उठली नाही, सूपही खाली ठेवलं नाही. मी माफी मागितली. काय घडलं, यंत्र काय करतं, हे सोप्या शब्दांत समजावायला लागले, आणि माझं मलाच ऐकवेना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाठ हाय ते मला ठाव व्हतं. ती धोक्याची हाय हे तुमच्या मशीनला आधी कळलं, मग आख्ख्या शेताला कळलं, मग मला. माझं मला सगळ्यात शेवटी काहून?"

मी अनेक परिषदांना गेले आहे, आई. हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. आशाताई तिच्या शेजारी बसल्या, सूप हळूच काढून घेतलं आणि म्हणाल्या, "चल. सोमवार अजून गेला न्हाई." ती उठली. मग आत जाऊन साडी बदलून आली.

गाठ वेळेवर सापडली. ऑपरेशन नांदेडला झालं. मी दोनदा गेले, ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. आशाताईंनी नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं होतं. तो रात्रभर प्रवास करून आला, खाटेशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "मला तरी सांगायचं." ती म्हणाली, "सांगणार व्हते." त्यानंतर तो तिथून हलला नाही. पुढे तोच तिला घरी घेऊन गेला. सासूनं चूल वेगळी करून दिली. ती बाई म्हणते, बरंच झालं. आशाताई म्हणतात, तिचं बरं झालं म्हणून तुमचं बरोबर ठरत न्हाई.

आमच्या साहेबांना मात्र तसं वाटत नाही. ते म्हणाले, "पाहिलंत? वाचली ना शेवटी." मी म्हणाले, आशाताईंनी वाचवली. ते म्हणाले, मेसेज आला नसता तर सोमवार उजाडला असताच कशावरून? आई, हे त्यांचं खोटं नाही. ती बाई तयार होऊनही ऐनवेळी फिरली असती, तुझ्यासारखी "गळू झालंय" म्हणाली असती, हे मी कशाच्या बळावर नाकारू? याचंच तर मला डोकं फिरतं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्या तोंडी माझंच दुःख, आणि माझ्या तोंडी तुझा हट्ट.

तरी यावेळी मी सही केली नाही. पुढच्या गावांच्या कागदांवर महिनाभर सही दिली नाही. मी लिहून दिलं की मेसेज बंद करा; यंत्राला जे दिसेल ते फक्त त्या गावच्या आशाताईला कळेल, ती बाईला एकटीला गाठून सांगेल, आणि पुढे कुणाला सांगायचं ते ती बाई ठरवेल. पुण्याहून रोज एक फोन यायचा. उशीर होतोय, खर्च वाढतोय, तुम्ही भावनेच्या भरात आहात. शेवटी मान्य झालं. मी पटवून दिलं म्हणून मान्य झालं असं समजू नकोस. कामाच्या यादीत त्या ओळीपुढे 'मॅडमचा आग्रह' असं लिहिलंय. असू दे. तू कधी कुणाला पटवत बसायचीस? हापशावर जाऊन पाणी प्यायचीस.

आता आशाताया यादी घेऊन हिंडतात. हळदीच्या शेतात, दळणाच्या रांगेत, कुठे कुठे बायकांना बाजूला घेतात. काम हळू चालतं. काही बायका ऐकतात. काही म्हणतात, माझं मी बघीन, आणि आशाताया परत येतात, आठवड्यानं पुन्हा जातात. अशी एखादी 'माझं मी बघीन' म्हणाली की मला तिच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. हलवत नाही. नियम मीच केलाय.

हे वहीत हातानं लिहिते आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलं तर कुठे कुठे जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. पाठवायचं तर कुठेच नाही. लिहून झालं की वही कपाटात जाईल.

एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात ऑफिसात कुणी नव्हतं तेव्हा मी तुझी माहिती यंत्रात भरली. वय, काम, बाळंतपणं, शेवटच्या दोन वर्षांतल्या रजा. रजा शून्य होत्या. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत स्वतःच्या नावापुढे तू स्वतःच 'ठीक' लिहायचीस, तेही तसंच भरलं. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, जोखीम कमी. आमच्यासारखंच त्यानंही तुझ्यावर विश्वास ठेवला. मी ती नोंद लगेच पुसून टाकली, पण भरली होती हे खरं, आणि तुला न विचारता भरली होती. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तरीही मी भरलीच असती.